सदोष हार्डवेअरला कर्नल कसा सांभाळून घेतो

पेनड्राइव्ह जोडला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा हार्डवेअर सांभाळणारा भाग, त्याला सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो: तुझा शेवटचा ब्लॉक कितवा? साठवणुकीची जागा ब्लॉकमध्ये मोजतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. एकूण १००० ब्लॉक असतील, तर उत्तर ९९९ यायला हवं. मानकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही कित्येक पेनड्राइव्ह, कार्ड रीडर आणि जुने फोन १००० असं उत्तर देतात, कारण त्यांचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याने ‘शेवटचा कितवा’ आणि ‘एकूण किती’ यांत गल्लत केलेली असते. कर्नल त्या उत्तरावर विश्वास ठेवून १००१ ब्लॉक आहेत असं धरतो. मग कधीतरी त्या शेवटच्या, अस्तित्वातच नसलेल्या ब्लॉकवर काय आहे ते वाचायला जातो. ‘असा ब्लॉक माझ्याकडे नाही’ एवढं सांगितलं तरी भागलं असतं, पण काही उपकरणं तिथेच गोठतात. बघणाऱ्याला वाटतं, या संगणकाला आपला पेनड्राइव्ह चालत नाही.

इलाज अगदी किरकोळ आहे. आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. पण कुणाच्या उत्तरातून? बरोबर उत्तर देणाऱ्या उपकरणातूनही एक वजा केला, तर त्याचा शेवटचा ब्लॉक हरवतो आणि तिथे ठेवलेली माहिती दिसेनाशी होते. सदोष हार्डवेअरला सांभाळून घेण्याचं सगळं शास्त्र या एका अडचणीभोवती फिरतं. तोडगा बहुतेक वेळा चार ओळींचा असतो. तो नेमका कुणाला लावायचा आणि कुणाला लावायचा नाही, हे ठरवण्यात खरी मेहनत जाते.

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलने इथे दोन मार्ग ठेवले आहेत. पहिला म्हणजे ‘वेगळ्या वागणाऱ्या उपकरणांची’ चक्क एक यादी. तिच्यात उत्पादकाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक आणि त्याची खोड लिहिलेली असते. दुसरा मार्ग अंदाजाचा आहे. खऱ्या उपकरणांमध्ये ब्लॉकची एकूण संख्या जवळजवळ नेहमी सम असते. त्यामुळे ज्या उपकरणांबद्दल संशय घ्यायला जागा आहे, त्यांची संख्या विषम आली तर कर्नल एक वजा करतो. हा अंदाज सरसकट सगळ्यांना लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता एक पायरी मागे जाऊ. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, कीबोर्ड या सगळ्यांशी थेट बोलणारा भाग तोच, आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम त्याच्यामार्फतच हार्डवेअरपर्यंत पोहोचतात. एकेका उपकरणाशी बोलण्याचं काम त्याच्यातले ड्रायव्हर करतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्यासमोर मानकाचा दस्तऐवज असतो, पण उपकरणाने तो वाचला असेलच याची खात्री नसते. चिप एकदा कारखान्यातून बाहेर पडली की तिच्यातलं सर्किट बदलता येत नाही. फर्मवेअर बदलता येतं, पण स्वस्त उपकरणांना तशी सोयच ठेवलेली नसते. जिथे असते तिथेही उत्पादकाला जुन्या मालात रस उरलेला नसतो. बदलण्याजोगी एकच गोष्ट हातात राहते ती म्हणजे सॉफ्टवेअर. म्हणून हार्डवेअरच्या चुकीचा भार कर्नलवर येतो.

घरातला एखादा नळ उलट फिरवला की बंद होतो, आणि तेवढं घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कर्नललाही लाखो अनोळखी घरांतल्या नळांबद्दल असं काही ठाऊक असावं लागतं. या साठवलेल्या माहितीला कर्नलच्या जगात ‘क्वर्क’ म्हणतात. मदरबोर्डवरच्या पीसीआय नावाच्या जोडणीतून बोलणाऱ्या उपकरणांच्या क्वर्कसाठी लिनक्समध्ये जी स्वतंत्र फाइल आहे, ती आज काही हजार ओळींची आहे. यूएसबीची वेगळी, कीबोर्ड आणि माउसची वेगळी, डिस्कची वेगळी. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही असेच तक्ते आहेत. लिनक्सचा कोड उघड असल्यामुळे पुढची बहुतेक उदाहरणं तिथली घेतली आहेत.

हार्डवेअर असं का वागतं, याची कारणं कंटाळवाणी वाटावीत इतकी साधी आहेत. घाईत माल बाजारात आणलेला असतो, दुसऱ्याच्या चिपची नक्कल केलेली असते, मानकातलं वाक्य संदिग्ध असतं. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे चाचणी फक्त सर्वाधिक खपणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर केलेली असते. नवं यूएसबी उपकरण जोडल्यावर विंडोज त्याची ओळख विचारताना ६४ बाइट मागतं आणि मग पोर्ट रीसेट करतं. लिनक्सची मूळची पद्धत वेगळी होती आणि मानकाला धरूनही होती. पण काही उपकरणांनी आयुष्यात फक्त विंडोजचाच प्रश्न ऐकलेला असतो, दुसऱ्या पद्धतीने विचारलं की ती गोंधळतात. शेवटी लिनक्सने दोन्ही पद्धती ठेवल्या. एक फसली की दुसरी वापरून बघायची.

याच गोष्टीचं टोक लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये दिसतं. एसीपीआय नावाच्या व्यवस्थेत फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टीमला विचारू शकतं, तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? लिनक्स या प्रश्नाला हो म्हणतो. तू लिनक्स आहेस का, असं विचारलं तर नाही म्हणतो! हा खोटेपणा नाइलाजाचा आहे. फर्मवेअरमधला विंडोजसाठीचा रस्ता उत्पादकाने तपासलेला असतो. लिनक्ससाठी एखादा रस्ता असलाच, तर त्यावरून कुणी चालून पाहिलेलं असेल याची शाश्वती नसते. मला हा निर्णय कर्नलमधल्या सर्वात शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो, जरी तो ऐकताना विचित्र वाटत असला तरी.

ओळख पटवण्याकडे परत येऊ. पीसीआय आणि यूएसबी उपकरणं स्वतःबद्दल दोन क्रमांक सांगतात, एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा, प्रत्येकी १६ बिटांचा. पीसीआयमध्ये इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावावरून. कर्नल हे क्रमांक तक्त्याशी ताडून पाहतो आणि जुळलं की नेमून दिलेलं फंक्शन चालवतो. ते कधी चालवायचं याच्याही वेळा ठरलेल्या आहेत. काही तोडगे उपकरणाची बाकीची माहिती वाचण्याआधीच लावावे लागतात, कारण ती माहितीच चुकीची असते. काही ड्रायव्हर येण्याआधी लावायचे असतात. काही तर संगणक झोपेतून जागा झाल्यावर दर वेळी पुन्हा लावावे लागतात, कारण झोपेत चिप आधीची दुरुस्ती विसरून गेलेली असते.

हे सोपं राहिलं असतं, पण ओळखसुद्धा हार्डवेअरच सांगत असतं, आणि तीही खोटी निघू शकते. सदोष चिप सुधारून नवी काढली तरी क्रमांक जुनाच ठेवला, असं घडतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या पोटात एकच चिप असते. मदरबोर्डच्या माहितीवरून ओळखायला जावं, तर उत्पादकाच्या नावाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे रिकामी जागा भरायचं काम कुणी केलेलंच नाही. एनव्हीएमई या जलद जोडणीच्या डिस्कला जगात एकमेव असा ओळखक्रमांक असायला हवा. पण काही स्वस्त डिस्क तो एकाच मॉडेलच्या सगळ्या नगांवर सारखाच छापतात. अशा दोन डिस्क एका संगणकात बसवल्या की कर्नलला दोन्ही एकच वाटणार. त्यांच्यासाठीही एक क्वर्क आहे: या मॉडेलचा ओळखक्रमांक मानू नये.

मार्व्हेल कंपनीच्या काही साटा कंट्रोलरची, म्हणजे डिस्क जोडून घेणाऱ्या चिपांची, तऱ्हा याहून मजेशीर. उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकतं, त्याला डीएमए म्हणतात. कुठल्या उपकरणाने कुठे लिहावं याचा पहारा आयओएमएमयू नावाचा भाग करतो, आणि त्यासाठी प्रत्येक विनंतीसोबत उपकरणाचा पत्ता असतो. हे कंट्रोलर स्वतःच्या शेजारचा, अस्तित्वात नसलेल्या भागाचा पत्ता देतात. पहारेकरी त्यांना अडवतो आणि डिस्क दिसत नाही. तोडगा म्हणून कर्नल पहारेकऱ्याला सांगतो, त्या पत्त्यावरून येणारी विनंतीही याचीच समज. पहारा उठवत नाही, एका टोपणनावाची भर घालतो. चांगला तोडगा असाच अरुंद असतो.

तोडग्यांचे प्रकार पाहिले तर बऱ्याच वेळा कर्नल फक्त चुकीचा आकडा दुरुस्त करतो. मॉनिटर स्वतःची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, पण काही मॉनिटर ती सेंटिमीटरमध्ये सांगतात, म्हणून त्यांच्या आकड्याला दहाने गुणायचं. काही वेळा उपकरणाने मिरवलेली सोय वापरायचीच नाही असं ठरतं. यूएसबीवर वीज वाचवणारी अवस्था असते, काही उपकरणं तीत गेली की परत येत नाहीत, म्हणून त्यांना तीत पाठवायचं नाही. काही वेबकॅम झोपेतून उठल्यावर त्यांना रीसेट करावं लागतं. काही माउस तर कुणी ऐकत नसेल तर आपणहून तुटतात आणि पुन्हा जोडले जातात. त्यांच्यासाठी कर्नल कुणी वापरत नसतानाही ऐकत बसतो. उरलेल्यांना फक्त थोडा वेळ हवा असतो: आज्ञा दिली की अमुक मिलिसेकंद थांबा, मग पुढचं बोला.

प्रोसेसरच चुकतो तेव्हा मात्र प्रकरण वेगळं होतं, कारण कर्नल स्वतः त्याच्यावरच चालत असतो. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमचा भागाकार चुकतो हे उघड झालं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२ यायला हवं, ते १.३३३७३ यायचं. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. लिनक्स सुरू होताना याच दोन संख्यांचा भागाकार करून पाहायचा आणि चूक आढळली तर प्रोसेसरच्या माहितीत तशी नोंद करायचा. त्यापुढे त्याच्या हातात काही नव्हतं. भागाकार प्रोग्रॅम थेट प्रोसेसरकडून करून घेतो, कर्नल मध्ये नसतोच.

तीनच वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच पेंटियममध्ये दुसरी खोट सापडली. तिच्यावरचा तोडगा मला अजूनही थक्क करतो. एका विशिष्ट चुकीच्या सूचनेने संगणक जागच्या जागी गोठायचा. तिचे पहिले दोन बाइट एफ० आणि ०एफ, म्हणून तिला एफ००एफ खोट म्हणतात. ती चालवायला कुठलेही खास अधिकार लागत नव्हते. एका सर्व्हरवर खातं असलेला कुणीही तो सर्व्हर बंद पाडू शकत होता. घडायचं असं: सूचना अवैध आहे हे प्रोसेसरला कळायचं, आणि अवैध सूचना आली की काय करायचं हे मेमरीतल्या एका तक्त्यात पाहायला तो निघायचा. पण त्याच सूचनेने त्याला मेमरीकडे जाणारा मार्ग कुलूपबंद करायला लावलेलं असायचं. ते कुलूप सुटायचंच नाही आणि प्रोसेसर कायमचा अडकून पडायचा.

कर्नल ही सूचना थांबवू शकत नव्हता. म्हणून त्याने तो तक्ताच मेमरीच्या अशा पानावर, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यावर, ठेवला, जिथे फक्त वाचण्याची परवानगी होती. कुलूप लावलेल्या अवस्थेत केलेली मागणी लिहिण्याची धरली जाते. त्यामुळे तक्त्याकडे वळताच परवानगी नाकारली जायची आणि पेज फॉल्ट नावाची वेगळीच घटना घडायची. या घटनेने कोंडी फुटायची. पेज फॉल्ट हाताळणारा कोड पाहायचा, की चूक नेमकी तक्त्यातल्या ‘अवैध सूचना’ या नोंदीच्या पत्त्यावर झाली आहे का? तसं असेल तर तो समजून जायचा आणि त्या प्रोग्रॅमला अवैध सूचना चालवल्याबद्दल नेहमीची शिक्षा द्यायचा. एका चुकीला दुसऱ्या, मुद्दाम रचलेल्या चुकीने उत्तर दिलं. बाकी सगळे प्रोग्रॅम पूर्वीसारखेच चालत राहिले.

आजचे प्रोसेसरही निर्दोष नसतात. उत्पादक त्यांच्या ज्ञात चुकांची यादी स्वतःच प्रसिद्ध करतात, तिला इरेटा म्हणतात. आर्म प्रोसेसरसाठी लिनक्सच्या दस्तऐवजात अशा चुकांचा आणि त्यांवरच्या तोडग्यांचा तक्ताच आहे. तोडगा सगळ्यांना लावला तर निर्दोष प्रोसेसरही विनाकारण हळू होतील. म्हणून कर्नल सुरू होताना प्रोसेसरची आवृत्ती तपासतो आणि गरज असेल तिथेच स्वतःच्या कोडमधल्या सूचना मेमरीत बदलून घेतो. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन ही प्रोग्रॅमला कर्नलची मेमरी वाचू देणारी प्रोसेसरमधली खोट जाहीर झाली तेव्हाही हाच पेच होता. कर्नलची मेमरी प्रोग्रॅमपासून पूर्ण वेगळी ठेवण्याचा तोडगा तयार होता, पण त्याने वारंवार कर्नलकडे जाणारं काम मंदावत होतं. सुरुवातीच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोडमध्ये, सगळेच एक्स८६ (इंटेल आणि एएमडी बनवतात त्या घराण्यातले) प्रोसेसर सदोष धरले होते. एएमडीच्या प्रोसेसरना ही खोट नव्हती, त्यांना वगळणारी अट नंतर घालण्यात आली. अट एका ओळीची, पण तिच्यामुळे त्या सगळ्या संगणकांचा वेग वाचला.

एएमडीच्याही काही जुन्या प्रोसेसरमध्ये २०१९ मध्ये अशीच एक गोष्ट हाताळावी लागली. यादृच्छिक संख्या देणारी सूचना संगणक झोपेतून उठल्यावर बिघडलेली असू शकायची आणि तरीही ‘काम झालं’ असंच कळवायची. कर्नलने ती सोय उपलब्धच नाही असं प्रोसेसरच्या ओळखपत्रात दाखवायला सुरुवात केली, म्हणजे आधी विचारून वागणारे प्रोग्रॅम तिच्या वाटेला जात नाहीत. गुप्त किल्ल्या बनवायला याच संख्या लागतात, हे लक्षात घेतलं तर ही सावधगिरी जास्त वाटणार नाही.

आतापर्यंतच्या चुका माहीत असलेल्या होत्या. काल चांगलं असलेलं उपकरण आज बिघडलं, तर कुठल्याच तक्त्यात त्याचं नाव नसतं. तिथे कर्नलला सगळ्यांकडेच थोडं संशयाने पाहावं लागतं. पीसीआय उपकरण अचानक नाहीसं झालं तर त्याच्याकडून वाचलेल्या प्रत्येक आकड्याचे सगळे बिट एक येतात. ‘अमुक बिट शून्य होईपर्यंत थांब’ असं लिहिलेला ड्रायव्हर मग अनंतकाळ थांबेल. म्हणून चांगला ड्रायव्हर प्रत्येक वाट पाहण्याला मुदत घालतो. डिस्कला दिलेल्या आज्ञेची नेहमीची मुदत ३० सेकंदांची असते. ती टळली की आज्ञा रद्द करून बघायची, मग उपकरण रीसेट, मग जोडणीची लाइन रीसेट, मग संपूर्ण कंट्रोलर, आणि तरीही काही नाही तर डिस्कला बाद ठरवायचं. डिस्क बिघडताना संगणक मिनिटभर गोठून मग सुटतो, तेव्हा बऱ्याचदा ही शिडी चढणं चाललेलं असतं.

एखादं उपकरण प्रोसेसरला सतत हाका मारत सुटलं तर? अशा हाकेला इंटरप्ट म्हणतात. एकाच लाइनवर अनेक उपकरणं असू शकतात, म्हणून कर्नल तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, ही हाक तुझ्या उपकरणाची का? शेवटच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० कुणीच आपल्या मानल्या नाहीत, तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश लिहून ती लाइनच बंद करतो. त्या लाइनवरची निरपराध उपकरणंही मग नीट चालत नाहीत, पण संपूर्ण संगणक अडकण्यापेक्षा ते परवडलं. मेमरीच्या बाबतीत कर्नल अधिक नाजूकपणे वागतो. दुरुस्त न होणारी चूक असलेलं पान तो कायमचं वापरातून काढतो. त्या पानावर फाइलची न बदललेली प्रत असेल, तर ती डिस्कवरून पुन्हा वाचली की भागलं. प्रत दुसरीकडे कुठेच नसेल, तरच ते पान वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा बळी जातो.

या सगळ्यात एक धोका असा, की तक्त्यात नाव टाकणं फार सोपं असल्यामुळे हार्डवेअरवर आळ घेण्याची सवय लागते. २०१५ मध्ये सॅमसंगच्या एसएसडी असलेल्या काही सर्व्हरवर फाइलींचे तुकडे आपोआप शून्यांनी भरले जात होते. न लागणारे ब्लॉक डिस्कला कळवण्याची ट्रिम नावाची आज्ञा असते, ती या डिस्क चुकीची पाळतात असा निष्कर्ष जाहीरपणे निघाला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी मागोवा घेतला तेव्हा चूक कर्नलमध्ये निघाली. अनेक डिस्क एकत्र वापरताना ट्रिमची विनंती तोडून वाटण्याचा कोड चुकीच्या जागा पुसायला सांगत होता. त्यांनीच दुरुस्तीही पाठवली. गंमत म्हणजे त्याच मालिकेतल्या डिस्कमध्ये रांगेतून पाठवलेल्या ट्रिमची एक वेगळी, खरीखुरी खोट होती आणि तिचा क्वर्क आजही जागेवर आहे. दोन प्रकरणं एकमेकांत मिसळल्यामुळे संशय जास्तच पक्का झाला. क्वर्क लावल्यावर त्रास थांबला, एवढ्यावरून खोट हार्डवेअरचीच होती असं सिद्ध होत नाही. कधीकधी तोडग्याने वेळेचं गणित फक्त सरकतं आणि खरी चूक लपून बसते.

आपल्याच उपकरणावर संशय असेल तर कोडमध्ये बदल करून कर्नल पुन्हा तयार करण्याची गरज नसते. यूएसबी डिस्कसाठी कर्नल सुरू करतानाच उत्पादकाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक आणि खोडीचं एक अक्षर देता येतं. जलद साठवणुकीची नवी पद्धत वापरू नको असं सांगणारं ‘यू’ हे अक्षर त्यांतलं सर्वात उपयोगी, कारण बाहेरच्या डिस्कच्या डब्यांमधल्या चिपांना तीच पद्धत अनेकदा झेपत नाही. २०२३ पासून कीबोर्ड, माउस, पेन टॅबलेट यांच्या चुकीच्या वर्णनावर एक छोटा प्रोग्रॅम बाहेरून चढवूनही इलाज करता येतो. तो चालला तर क्रमांक, कर्नलचे संदेश आणि काय केल्यावर काय बदललं याची नोंद ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवायची. कर्नलच्या जुन्या, स्थिर आवृत्त्यांमध्ये नव्या सोयी घेत नाहीत, पण नवा उपकरण क्रमांक किंवा नवा क्वर्क घ्यायला नियमांतच मुभा आहे. त्यामुळे ती एक ओळ काही आठवड्यांत जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या संगणकांपर्यंतही पोहोचू शकते.